पाइन, युडोरा आणि बाबांची पत्रं

परवा रात्री पुतणीचा मेसेज आला. गेली दोन वर्षं ती बाहेर शिकत होती, आता डिग्री हातात पडली. तिच्या विद्यापीठाने पाठवलेल्या एका मेलचा फोटो होता. मजकूर असा, की तुमचं विद्यापीठाचं ईमेल खातं अमुक तारखेला बंद होईल, तोपर्यंत हवं ते उतरवून घ्या. खाली तिची एक ओळ: "काका, ह्यात काय ठेवण्यासारखं असणार? जाऊ दे ना?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. अगदी अशीच मेल मला १९९७ साली आली होती, आणि मीही 'जाऊ दे' म्हणालो होतो. ते मनाला लागून राहिलं. विद्यापीठांत ईमेलची साधनं कुणी बनवली, कशी बनवली, त्यात विद्यार्थ्याचा विचार किती होता, याचा मी नंतर जमेल तसा माग काढत आलोय. पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअरचाच, त्यामुळे तेवढी खोड आहे. आज ते सगळं एकदा लिहून काढावं म्हणतो. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

*

ऑगस्ट १९९४ मध्ये मी साताऱ्याहून अमेरिकेला एम. एस. करायला गेलो. पहिल्याच आठवड्यात एका लांबुळक्या कागदाच्या चिठ्ठीवर माझं खातं आणि पासवर्ड मिळाला. लॅबमध्ये काळ्या पडद्याचे टर्मिनल ओळीने मांडलेले. शेजारी एक तेलुगू सीनियर बसला होता. तो म्हणाला, पी-आय-एन-ई टाइप कर आणि एंटर मार.

मी घाबरत घाबरत मारलं. घाबरायचं कारण होतं. पुण्यात कॉलेजला आम्ही युनिक्सवर 'व्हीआय' नावाच्या एडिटरमध्ये शिरलो होतो आणि बाहेर कसं पडायचं ते न कळल्याने सरळ मशीनच बंद केलं होतं. त्याबद्दल लॅब असिस्टंटने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण इथे पडद्यावर एक साधी यादी आली. मदत हवी आहे? पत्र लिहायचं आहे? आलेली पत्रं बघायची आहेत? पत्त्यांची वही? बाहेर पडायचं आहे? आणि पडद्याच्या तळाशी दोन ओळींमध्ये, या क्षणी कुठलं बटण दाबलं तर काय होईल, ते लिहिलेलं. पाठ काही करायचं नाही. पत्र लिहून झालं की कंट्रोल-एक्स. लगेच प्रश्न: पाठवू ना? पत्र खोडलं तर ते लगेच नाहीसं होत नसे, त्याच्यापुढे नुसतं 'डी' अक्षर लागायचं. बाहेर पडताना पुन्हा प्रश्न: हे खरंच काढून टाकू? मध्येच तास सुरू झाला तर अर्धं पत्र कंट्रोल-ओ दाबून बाजूला ठेवता यायचं. संध्याकाळी दुसऱ्या इमारतीतल्या टर्मिनलवर बसलं तरी ते तसंच वाट बघत असायचं.

पाचव्या मिनिटाला मी पहिली ईमेल लिहीत होतो. तेव्हा वाटलं, आपण किती हुशार! आता कळतं की हुशार तो प्रोग्राम लिहिणारा होता.

*

ते पाइन तयार झालं सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये. १९८९ मध्ये तिथल्या लॉरेन्स लंडब्लेड, माइक सीबेल आणि शेरिल एरेझ यांनी काम सुरू केलं. गंमत म्हणजे, ते विद्यार्थ्यांसाठी नव्हतंच. विद्यापीठाच्या कचेऱ्यांत बसणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी होतं. ज्यांना ईमेल शिकण्यात काडीचा रस नाही, ज्यांना आपलं काम उरकायचं आहे, आणि आपल्या हातून काहीतरी बिघडेल अशी ज्यांना धास्ती वाटते, अशी माणसं डोळ्यासमोर होती. त्याआधी 'एल्म' नावाचा प्रोग्राम होता, तोही चांगला होता; पण पत्र लिहायची वेळ आली की तो बहुतेक ठिकाणी तुम्हाला त्याच व्हीआयच्या विहिरीत ढकलून द्यायचा. पाइनवाल्यांनी एल्मपासूनच सुरुवात केली, पण पत्र लिहायला स्वतःचा एक बाळबोध एडिटर दिला, 'पिको'. एल्म हे झाड, पाइन हेही झाड. नावामागे एवढंच. 'पाइन म्हणजे एल्म नव्हे' वगैरे फोड लोकांनी नंतर लावली.

मार्च १९९२ मध्ये पाइन १.० बाहेर आलं आणि बघता बघता विद्यापीठांतून पसरलं. कारकुनांसाठी केलेलं साधन विद्यार्थ्यांना इतकं चपखल का बसावं? यावर मी बराच विचार केलाय. तुम्हीही करून बघा: विद्यार्थी हे कसलं गिऱ्हाईक आहे?

एक, त्याच्याकडे स्वतःचं मशीन नाही. दोन, सामायिक मशीनसमोर त्याला वीस मिनिटं मिळतात, मागे कुणीतरी घसा खाकरत उभं असतं. तीन, दरवर्षी असे हजारो नवे येतात आणि प्रत्येकाला शिकवत बसायला कुणाला वेळ नाही. चार, ज्यांना लिहायचं त्यांचे पत्ते त्याला माहीत नाहीत, फार तर नाव माहीत असतं. पाच, जागा आणि पैसा दोन्ही मोजके. सहा, दोन-चार वर्षांनी तो निघून जाणार.

या सहा गोष्टी लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास म्हणजे यांतल्या एकेकीला कुणीतरी दिलेलं उत्तर आहे.

*

पहिलीला सगळ्यांत मोठ्या प्रमाणावर भिडली ती एमआयटी. डिजिटल आणि आयबीएम या कंपन्यांना बरोबर घेऊन त्यांनी १९८३ मध्ये 'प्रोजेक्ट अ‍ॅथीना' सुरू केला, तो १९९१ पर्यंत चालला. पदवीच्या मुलांच्या शिक्षणात संगणक आणायचे हा हेतू. खोल्याच्या खोल्या भरून मशीन, पण एकही कुणाच्या मालकीचं नाही. मुलगा कुठल्याही मशीनवर बसला तरी त्याला त्याच्याच फायली, त्याचीच पत्रं दिसली पाहिजेत. हे आज ऐकायला किरकोळ वाटतं. पण त्यासाठी पत्रं मशीनवर न ठेवता वेगळ्या 'पोस्ट ऑफिस' सर्व्हरवर ठेवावी लागली. आणि समोरच्या मशीनवर विश्वास ठेवता येत नाही (आधीच्या मुलाने त्यात काय करून ठेवलं असेल कुणी सांगावं!) म्हणून पासवर्ड तारेवरून न पाठवताच ओळख पटवण्याची युक्ती काढावी लागली. तिचं नाव 'केर्बरॉस'. आज मोठमोठ्या कंपन्यांमध्ये तुम्ही सकाळी लॉगिन करता तेव्हा पडद्यामागे बऱ्याचदा हाच केर्बरॉस काम करत असतो. त्याचं मूळ असं विद्यार्थ्यांच्या लॅबमध्ये आहे.

पत्र राहतं कुठे, हा ईमेलमधला सगळ्यांत जुना वाद. सुरुवातीला सगळे एकाच मोठ्या मशीनवर काम करत, तेव्हा प्रश्नच नव्हता. मग टेबलावर छोटे संगणक आले. ते रात्री बंद होणार, मग पत्र आलं तर घ्यायचं कुणी? म्हणून ऑक्टोबर १९८४ मध्ये 'पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल', म्हणजे पॉप, मांडला गेला. पत्र पोस्टात येऊन पडणार, तुम्ही सवडीने जाऊन घरी घेऊन यायचं. १९८६ मध्ये स्टॅनफर्डला मार्क क्रिस्पिन यांनी उलटा विचार केला: पत्रं पोस्टातच राहू द्यात, तुम्ही कुठूनही या, वाचा, परत जा. हा आयमॅप. क्रिस्पिन पुढे युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये गेले, आणि पाइनला दुसऱ्या मशीनवरची पत्रं उघडता यायची ती त्यांच्याच कामामुळे.

घरी न्यायची पत्रं आणि पोस्टातली पत्रं. सगळी साधनं या दोन गटांत वाटली गेली.

घरी नेणाऱ्यांतलं सगळ्यांत लाडकं म्हणजे युडोरा. इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना-शॅम्पेनला, स्टीव्ह डॉर्नर नावाच्या प्रोग्रामरने १९८८ मध्ये मॅकिंटॉशसाठी ते लिहिलं. त्या दिवसांत त्यांना ईमेलच्या कामात आपण पोस्टातच राहायला गेलोय असं वाटायचं, आणि त्यावरून युडोरा वेल्टी या लेखिकेची एक गोष्ट आठवली. 'मी पोस्टात का राहते' अशा अर्थाचं तिचं नाव आहे. घरच्यांशी भांडून एक बाई पोस्टात बिऱ्हाड करते, अशी गोष्ट. म्हणून प्रोग्रामचं नाव युडोरा. खरं तर हे नाव शोभलं असतं पाइनला, कारण पत्रांनी पोस्टात राहायचं ते तिथे. युडोरा पत्रं उचलून घरी आणायचं!

पण ज्याच्याकडे घर होतं, म्हणजे स्वतःचं मशीन होतं, त्याच्यासाठी युडोरा फार सोयीचं. फोन जोडायचा, पत्रं झटकन उतरवून घ्यायची, फोन बंद करायचा आणि मग निवांत वाचायचं, उत्तरं लिहायची. डायल-अपची मिनिटं मोजणाऱ्यांना याचं मोल विचारा. विद्यापीठात जन्मलेलं हे युडोरा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला क्वालकॉम कंपनीकडे गेलं, जगभर वापरलं गेलं आणि पुढे मागे पडलं. २०१८ मध्ये त्याचा सगळा सोर्स कोड कंप्युटर हिस्टरी म्यूझियमने लोकांसाठी खुला केला. मी उतरवून घेतलाय. वाचायला कधी मुहूर्त लागतो बघू.

पैशाच्या प्रश्नाचं उत्तर न्यूझीलंडमधून आलं. ड्युनेडिनच्या ओटागो विद्यापीठात नेटवर्क बसवलं, आणि मग लक्षात आलं की त्यात ईमेलचा प्रोग्रामच नाही. वेगळा घ्यायला पैसे उरले नव्हते. तिथल्या डेव्हिड हॅरिस यांनी तो फावल्या वेळात लिहिला आणि १९९० मध्ये 'पेगासस मेल' म्हणून फुकट वाटला. मॅन्युअल विकून जे मिळेल त्यावर चालवला. अनेक विद्यापीठांनी तो आनंदाने उचलला. फुकट ते पौष्टिक हे सगळीकडे सारखंच.

*

पण निव्वळ विद्यार्थ्यांच्या जगण्याशी एकजीव झालेलं साधन म्हणाल तर माझं मत डार्टमथ कॉलेजच्या 'ब्लिट्झमेल'ला.

डार्टमथ हे न्यू हॅम्पशरमधल्या हॅनोवर नावाच्या लहानशा गावातलं कॉलेज. हेच ते, जिथे १९६४ मध्ये केमेनी आणि कुर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांनी 'बेसिक' भाषा केली. का, तर गणित-विज्ञान न घेणाऱ्या मुलांनाही संगणक वापरता यावा. म्हणजे साध्या विद्यार्थ्याला डोळ्यासमोर ठेवायची तिथे जुनी सवय. १९८० च्या दशकात वसतिगृहांच्या खोल्याखोल्यांत नेटवर्क पोचलं आणि १९८८ च्या सुमारास कॉलेजने स्वतःच लिहिलेलं ब्लिट्झमेल मुलांच्या हातात आलं.

त्यातली सगळ्यांत भारी गोष्ट म्हणजे पत्ता लागायचाच नाही. अ‍ॅट नाही, डॉट नाही. तुम्ही फक्त नाव लिहायचं. कॉलेजच्या नावांच्या यादीतून प्रोग्राम स्वतः माणूस शोधायचा. एकाच नावाचे दोघे असतील तर विचारायचा, यांतला कुठला? वर्गात शेजारी बसलेल्या मुलीचं नाव कळलं की पुरे! (मंडळी, हा प्रोग्राम आमच्याकडे असता तर काही आयुष्यांची दिशा वेगळी झाली असती. असो.)

पत्रं सर्व्हरवर. कॉलेजभर, येता-जाता लागतील अशा जागी सार्वजनिक मशीन ठेवलेली. मुलं दोन तासांच्या मध्ये उभ्या उभ्या नाव-पासवर्ड टाकून पत्रं बघायची आणि पुढे जायची. हळूहळू 'ब्लिट्झ' हे क्रियापद झालं. "संध्याकाळी ब्लिट्झ कर", "मला तुझा ब्लिट्झ मिळाला नाही". जेवायला कुठे भेटायचं इथपासून प्रेमभंगापर्यंत सगळं ब्लिट्झवर. हातात मोबाइल यायच्या कितीतरी आधी तिथली मुलं मोबाइलवाल्यांसारखी जगत होती. २०११ च्या आसपास कॉलेजने मायक्रोसॉफ्टची विकतची सेवा घेतली आणि ब्लिट्झमेल निवृत्त झालं. सार्वजनिक मशीनचं कामही तोवर खिशातल्या फोनने घेतलं होतं.

हे वाचताना माझ्या लक्षात आलं की अ‍ॅथीनातली पोरं, पाइनवाले, डॉर्नर, हॅरिस, ब्लिट्झवाले, सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. ज्याच्यासाठी लिहायचं तो माणूस त्यांना जाता-येता दिसत होता. कुणी अडला तर त्यांच्याच दारात येऊन उभा राहत होता. तक्रार कागदावरून चार खात्यांत फिरत येत नव्हती. पाइनच्या तळाशी त्या दोन ओळी आल्या त्या अशा जवळिकीतून.

*

आता माझ्या गोष्टीकडे येतो.

१९९४ मध्ये साताऱ्याला आमच्या घरी फोन होता, पण अमेरिकेहून फोन म्हणजे मिनिटाला जीव जायचा. पत्राला जायला दहा-बारा दिवस, यायला तितकेच. पण आमचा मामेभाऊ, दादा, मुंबईत एका संशोधन संस्थेत होता आणि त्याच्याकडे ईमेल होती. आपल्याकडे तेव्हा सर्वसामान्यांना इंटरनेट नव्हतं. होतं ते 'अर्नेट'. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने सुरू केलेलं, आयआयट्या, बंगळूरची आयआयएस्सी, मुंबईतली एनसीएसटी अशा संस्थांना जोडणारं शिक्षण-संशोधनाचं जाळं. लोकांसाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलचं. त्यातही विद्यार्थ्यांना परवडायचं ते स्वस्तातलं 'शेल' खातं. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. पुण्यातल्या माझ्या मित्रांनी ते घेतलं. आणि त्या काळ्या पडद्यावर ते पत्रं वाचायचे कशात? पाइनमध्येच. सिअ‍ॅटलच्या कारकुनांसाठी केलेला प्रोग्राम सदाशिव पेठेत.

तर आमची व्यवस्था अशी होती. मी रोमन अक्षरांत मराठी मेल दादाला पाठवायची. तो ती ऑफिसात डॉट-मॅट्रिक्सवर छापायचा, कडेच्या भोकांच्या पट्ट्यांसकट पाकिटात घालून साताऱ्याला पोस्ट करायचा. दोन-तीन दिवसांत बाबांच्या हातात. बाबा आंतर्देशीय पत्रावर उत्तर लिहून दादाला पाठवायचे आणि दादा ते बसून टाइप करायचा. अगदी 'चि. यास अनेक उत्तम आशीर्वाद' पासून 'कळावे' पर्यंत, एकही शब्द न गाळता. रोमनमध्ये 'काल' आणि 'काळ' एकच, 'बाळ' आणि 'बाल' एकच, त्यामुळे काही वाक्यं मला दोनदा वाचावी लागायची. सगळा फेरा आठवड्या-दीड आठवड्याचा. तेव्हा तो विजेचा वेग वाटायचा.

पाइनमध्ये पत्रांच्या यादीत एक बारीकशी खूण असते. जे पत्र एखाद्या सामायिक यादीवरून न येता खास तुमच्या नावावर आलं असेल, त्याच्यापुढे अधिकचं चिन्ह. सेमिनारच्या सूचना, लायब्ररीच्या नोटिसा, जुनी गाडी विकणे आहे, यांच्या ढिगात तेवढं एक '+' दिसलं की मला कळायचं, साताऱ्याचं पत्र आलंय. ज्याने कुणी ती खूण घातली त्याला ठाऊक होतं की ढिगातून माणूस काय शोधत असतो.

बाबांची पत्रं मी 'घर' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचो. दोन-अडीच वर्षांत सत्तावीस झाली.

जागा मोजकी होती. दर महिन्याच्या सुरुवातीला पाइन विचारायचं की गेल्या महिन्यात पाठवलेली पत्रं वेगळी काढून ठेवू का, आणि जुनी टाकून देऊ का, जागा होईल. मी प्रत्येक वेळी 'हो' म्हणायचो. आपणच लिहिलेलं काय ठेवायचं? 'घर' मात्र कधी रिकामं केलं नाही.

डिसेंबर १९९६ मध्ये डिग्री झाली. नोकरी लागली, गाव बदललं. वसंतात ती मेल आली: तुमचं खातं बंद होणार. मग आणखी एक. मग तिसरी. नव्या नोकरीची धावपळ, भाड्याची खोली, गाडीचे हप्ते. एका रविवारी ऑफिसातून जोडणी करून मी रिझ्युमे आणि प्रबंधाच्या फायली उतरवल्या. पत्रं नंतर बघू म्हटलं. तेवढ्यात जूनमध्ये व्हीएसएनएलचं कनेक्शन साताऱ्याच्या घराजवळच एका दुकानात आलं, बाबांशी तिथून संपर्क होऊ लागला, आणि 'नंतर' राहून गेलं. पुढे एकदा आत शिरायला गेलो तर पासवर्ड चालेना. फोन केला. पलीकडचा मुलगा सौजन्याने म्हणाला, खातं काढलंय, पत्रं परत मिळणार नाहीत.

तेव्हाही मला फार काही वाटलं नाही. वाटलं ते २००१ मध्ये, बाबा गेल्यावर.

नंतर मी हिशोब केला. सत्तावीस पत्रं, प्रत्येक दोन-अडीच हजार अक्षरांचं. सगळी मिळून साठ-सत्तर किलोबाइट. माझ्या खिशातल्या फ्लॉपीवर १.४४ मेगाबाइट बसायचे. वीसपट जागा होती! शिवाय माझ्या खात्यात पाइनचा फोल्डर म्हणजे एक साधी मजकुराची फाइल होती, एकाखाली एक पत्र. कुठलंही कुलूप नाही, गुंतागुंत नाही. एक ओळ टाइप केली असती तर सगळं 'घर' उचलून नेता आलं असतं. मला ते येत होतं. मी केलं नाही.

म्हणजे चूक माझी, हे आधी कबूल करतो. पण धंद्यातला माणूस म्हणून आणखी एक म्हणावंसं वाटतं. पहिल्या पाच प्रश्नांवर या मंडळींनी जीव ओतला. मशीन नाही, वेळ नाही, पत्ता माहीत नाही, पैसा नाही, भीती वाटते, सगळ्याला उत्तर दिलं. सहावा प्रश्न, तो जाणार आहे, हा कुणी हातात घेतला नाही. एका साध्या पत्रापुढे 'खोडू ना?' असं दोनदा विचारणाऱ्या पाइनच्या मुख्य यादीत 'मी निघालो, माझी पत्रं बांधून द्या' अशी ओळ नव्हती. विद्यापीठाच्या दृष्टीने खातं म्हणजे वसतिगृहाची खोली. मुलगा गेला की झाडून घ्यायची.

पुढे काही विद्यापीठांनी माजी विद्यार्थ्यांना जन्मभराचा पत्ता द्यायला सुरुवात केली. म्हणजे नवी पत्रं नव्या घरी पाठवू. जुनी? ती नाहीत.

मधल्या काळात वाटलं होतं की हा प्रश्न आपोआप मिटला. १९९६ मध्ये हॉटमेल आलं आणि मेल विद्यापीठाच्या बाहेर, ब्राउझरमध्ये गेली. विद्यापीठांनीही स्क्विरलमेलसारखी वेब-मेल बसवली. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं, एक जीबी जागा, काही खोडायचंच नाही. २००६ मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने विद्यार्थ्यांची मेल गूगलकडे सोपवली आणि मग रांग लागली. जागा अमर्याद म्हटल्यावर अनेकांनी माजी विद्यार्थ्यांची खातीही चालू ठेवली. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने जाहीर केलं की शिक्षणसंस्थांना आता अमर्याद जागा नाही, अख्ख्या संस्थेला मिळून १०० टेराबाइट; आधीच्या संस्थांना ते जुलै २०२२ पासून लागू झालं. तेव्हापासून अनेक विद्यापीठं जुनी खाती बंद करत सुटली आहेत. पुतणीची मेल त्यातलीच एक. पंचवीस-तीस वर्षांनी सहावा प्रश्न तिथेच उभा आहे.

*

पाइन आता पाइन नाही. २००७ मध्ये त्याचं 'अल्पाइन' झालं, पुढे विद्यापीठाने त्यातून अंग काढून घेतलं, तरी ते चालवणारे अजून आहेत. पिकोच्या धर्तीवर १९९९ मध्ये लिहिलेला 'नॅनो' हा एडिटर आज बहुतेक लिनक्स मशीनवर असतो. रात्री-बेरात्री कामाच्या सर्व्हरवर काही दुरुस्त करताना तो उघडला की तळाशी त्याच दोन ओळी दिसतात. कंट्रोल-एक्स, बाहेर पडा. दर वेळी क्षणभर ती लॅब आठवते.

गेल्या दिवाळीच्या आधी आईची ट्रंक आवरत होतो. तळाशी डॉट-मॅट्रिक्सच्या कागदांची एक चळत निघाली, कडेच्या भोकांच्या पट्ट्यांसकट, सुतळीने बांधलेली. मी पाठवलेल्या मेल्स. पाइनमध्ये दर महिन्याला 'हो, टाकून दे' म्हणून मी फेकलेल्या. बाबांनी एकूण एक ठेवल्या होत्या, आणि प्रत्येकीवर कोपऱ्यात 'पोचली' आणि तारीख, त्यांच्या हस्ताक्षरात.

मी त्या क्रमाने वाचल्या. माझीच पत्रं, पण त्यांतून बाबा ऐकू येतात. 'तांदूळ इथे मिळतो, आंबेमोहोर नाही.' म्हणजे त्यांनी तांदळाचं विचारलं होतं. 'नाही बाबा, थंडी सोसते आता, आईला सांगा.' 'तुम्ही लिहिलंत ते पटलं, मी गाइडशी बोलून पाहतो.' काय लिहिलं होतं त्यांनी? ते एक मला आठवत नाही. ते 'घर'मध्ये होतं.

काल सकाळी पुतणीला फोन केला. म्हटलं, जाऊ देऊ नकोस, सगळं उतरवून घे. ती म्हणाली, "अरे काका, घरचे सगळे तर व्हॉट्सॲपवर असतात, ह्यात नुसत्या असाइनमेंट आहेत." मी म्हटलं, असू देत, अर्ध्या तासाचं काम आहे, माझ्यासाठी कर. कसं करायचं ते पायरीपायरीने लिहून पाठवलं.

रात्री तिचा मेसेज आला. "केलं काका. बाबाची एक मेल सापडली. पहिल्या आठवड्यातली, मी उत्तरच दिलं नव्हतं."

मी पुढे काही विचारलं नाही.